कडी आतून होती

मुलगी : तसं नाही बाबा, मला एवढंच सांगा. कडी आतून होती की बाहेरून?

बाबा : कसली कडी?

मुलगी : गोदामाच्या दाराची. खालच्या, लोखंडी. तुम्हीच म्हणाला होतात, चित्रात तारवाचं, त्या महापुरातल्या जहाजाचं, दार आपल्या गोदामासारखं काढ. तसं काढलं. काल छापखान्यातल्या माणसाने पान हातात घेतलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं आणि म्हणाला, ताई, दार तर घट्ट बंद आहे, पण कडी कुठंय?

बाबा : त्याला म्हणावं, तू तुझी शाई बघ. तारवाला कडी नव्हती. शास्त्रात स्वच्छ सांगितलंय. म्हातारा आत गेला, त्याचा कुटुंबकबिला आत गेला, जनावरं जोडीजोडीने आत गेली, आणि दार देवाने स्वतः लावलं. देवाला कडी कशाला लागते?

मुलगी : मी शास्त्रातल्या दाराचं विचारत नाहीये. आपल्या दाराचं विचारतेय.

आई : चिमे, ते कागद जरा पलीकडे सरकव. इस्त्री तापलीय.

मुलगी : सरकवते. आई, तुला आठवतं का गं?

आई : कॉलर आधी करायला हवी होती. आता बाही चुरगळणार.

बाबा : तिला कशाला विचारतेस? बत्तीस वर्षं मी सभेत साक्ष देतोय, त्या पुरातून देवाने आपल्याला कसं वाचवलं त्याची. शब्द न् शब्द तुला पाठ आहे. उद्याच्या सभेत तुझं हे पुस्तक निघणार, हिब्रू शास्त्रातल्या गोष्टी, आपल्या मंडळीतल्या लेकरांसाठी. आणि सगळी पानं झाली असताना तू एका कडीसाठी घोडं अडवून बसलीयस.

मुलगी : छापखाना पाचपर्यंतच थांबणारेय. म्हणून तर आले. दार काढताना मी आपलं गोदाम डोळ्यांपुढे आणलं आणि हात थांबला. मी वरून बघतेय. धान्याच्या पोत्यांवर बसलेय, मला सात वर्षं. खाली जिना, जिन्याच्या शेवटाला दार. आणि दाराला आडवी कडी. मला दिसतेय. म्हणजे ती आतूनच असणार ना? बाहेर असती तर मला दिसलीच नसती.

बाबा : बरं, आतून होती. मग?

मुलगी : मग ती कोणी लावली?

बाबा : हे बघ बाळ, तू चित्रं काढतेस, चांगली काढतेस, पण ऐकत जा नीट. त्या दिवशी सकाळी मी गुडघ्यांवर होतो. माझ्या मनात शब्द आला, वर जा. एकदाच नाही, तीनदा आला. मी गोदामाचा साधा राखणदार. मालक गावी नव्हता, चावी माझ्याकडे. मी गल्लीतल्या अकरा घरांत गेलो. म्हटलं, वरचं धरण राहत नाही, चला, गोदामाच्या माडीवर चला. दहा घरं खोळंबली, कुणी दार लोटून घेतलं, कुणी चहा घ्या म्हणालं. अकराव्या घरात शिंपीण होती. मशीनवर बसलेली. ती हसली. म्हणाली, दादा, दोन झगे द्यायचेत आज, पूर आला तर त्यालाच सांगा थांबायला. दुपारी चारला धरण फुटलं. आणि आपण पाच जणं, तू, मी, तुझी आई, कडेवरचा धाकटा आणि माझी म्हातारी आई, पाचही जणं कोरडी. दार मी लावलं नाही. माझ्या देवाने लावलं. हसणारे बाहेर राहिले आणि विश्वास ठेवणारे आत. हे मी माझ्या मोठेपणासाठी सांगत नाही.

मुलगी : माहीत आहे.

बाबा : आणि त्याने नुसतं वाचवलं नाही. माडीवरचं धान्य वाचलं म्हणून मालकाने मला गोदामाचा व्यवस्थापक केला. हे घर मिळालं. मंडळीने पहिल्या बाकावर बसवलं. माझी साक्ष ऐकून किती जणांनी दारू सोडली, तुला ठाऊक आहे? जीव द्यायला निघालेली एक बाई विहिरीवरून परत आली, माझी साक्ष ऐकून. असं फळ खोट्याला येत नाही.

मुलगी : मी खोटं कुठे म्हणतेय? बाबा, तुम्हाला डोंगरावरचं पान आवडलं होतं ना?

बाबा : सगळ्यात चांगलं तेच झालंय. बापाच्या हातात सुरी, वरून आलेला आवाज, झुडपात अडकलेला मेंढा. आणि खाली लिहिलंयस तेही बरोबर, त्याने आपला लाडका मुलगा राखून ठेवला नाही म्हणून त्याला चांदण्यांएवढी संतती मिळाली.

मुलगी : त्या पानावर मुलाची पाठ काढलीय मी. तोंड नाही काढलं. तुमच्या लक्षात आलं नाही. मला ते तोंड जमेना. दोरी सोडल्यावर, डोंगर उतरताना, बापाच्या शेजारून तो कसा चालला असेल?

बाबा : वाचला ना पण तो?

मुलगी : वाचला. मीही वाचले. म्हणूनच विचारतेय. मला आवाज आठवतो, बाबा. दारावर. मुठीने मारल्याचा नाही. धातूवर धातू. टक, टक, टक, मग जरा थांबायचा, मग पुन्हा. लहानपणी मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, वाहून आलेले ओंडके आपटत होते. ओंडका असा थांबून थांबून वाजतो का?

बाबा : सात वर्षांची होतीस तू.

मुलगी : काल सगळा दिवस तो आवाज डोक्यात आहे. रंग कालवतेय तरी ऐकू येतो. मला वाटतं, ते दार तुम्ही लावलंत, बाबा. आणि बाहेर कोणीतरी होतं.

बाबा : तू... तू आपल्या बापाला हे विचारतेस?

मुलगी : विचारतेय. रागावून नाही. मला पान पूर्ण करायचंय. आणि उद्या तुम्ही उभे राहाल, मी पुस्तक हातात धरून शेजारी उभी राहीन, तेव्हा मला खाली बघावं लागू नये.

बाबा : अगं, ऐकतेस का? बघ आपली लेक काय बोलतेय.

आई : ऐकतेय.

बाबा : सांग हिला.

आई : काय सांगू? तुम्ही सांगता तेच सांगू?

बाबा : हे बघ, तू यात पडू नकोस.

आई : आत्ता म्हणालात सांग. आता म्हणता पडू नकोस. चिमे, इस्त्रीचं बटण बंद कर गं. शर्ट जळेल.

मुलगी : केलं. आई, तू बस इथे.

आई : बसून नाही सांगता येणार मला. तुझ्या बाबांनी दार नाही लावलं. ते माडीवर होते, तुझ्या आजीला पोत्यांवर चढवत होते. जड होती म्हातारी, आणि घाबरून अंग सोडून दिलेलं. ते वरून ओरडले, खालचं दार लावून वर ये. धाकटा माझ्या कडेवर. मी एका हाताने दार लोटलं आणि कडी घातली. मी घातली.

मुलगी : तू?

आई : हो. आणि त्याचं मला काही नाही. दार सगळेच लावतात. पाणी येतंय म्हटल्यावर कोणीही लावेल. लावणं वेगळं, चिमे. न उघडणं वेगळं.

बाबा : बस कर आता.

आई : मी दोन पायऱ्या चढले असेन. तेवढ्यात टकटक झालं. तू म्हणालीस तसंच, धातूवर धातू. मला लगेच कळलं ती कात्री आहे. शिंपीण कात्री कधी खाली ठेवायची नाही. दळणाला जाताना हातात असायची, पाणी भरताना कमरेला असायची. आम्ही हसायचो तिला. ती दार वाजवत होती आणि म्हणत होती, वहिनी, मी आहे. मी आले. म्हणजे सकाळी बाबांनी सांगितलेलं तिने ऐकलं होतं. उशिरा ऐकलं, पण ऐकलं होतं.

मुलगी : बटण होती बरोबर? तिची पोर, माझी मैत्रीण?

आई : होती.

मुलगी : आई.

आई : तुझ्याएवढी नव्हती अजून, पाच संपलं होतं. तुझ्या फ्रॉकला तिने हिरवी बटणं लावून घेतली होती आईकडून, एक उलटं लागलं म्हणून रडलेली. तिचा आवाज नव्हता येत. शिंपीणच बोलत होती. आधी म्हणाली, उघडा. मग म्हणाली, वहिनी, पोरीला तरी घ्या.

मुलगी : आणि तू?

आई : मी खाली आले. कडीवर हात ठेवला. दाराखालून पाणी आत येत होतं, घोट्याला लागत होतं. दार आतल्या बाजूला उघडायचं. मला वाटलं, कडी काढली की पाण्याचा लोंढा दारासकट आत येईल, मी पडेन, धाकटा हातातून जाईल, आणि मग ते दार पुन्हा कोणाच्या बापाला लागणार नाही. हे सगळं मी विचार करून ठरवलं असंही नाही. हात कडीवर होता आणि उचललाच गेला नाही. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. पाठीत आवाज लागत होता. प्रत्येक टक पाठीत.

बाबा : तिला काय करता आलं असतं? सांग ना. कडेवर तान्हं पोर. लोंढा आला असता तर दोघंही गेली असती. मी हेच म्हणतो इतकी वर्षं. यात तिचा दोष नाही, म्हणून मी तिला त्यात आणलंच नाही. लोकांनी विचारलं, दार कसं लागलं? मी म्हटलं, देवाने लावलं. शास्त्रात होतंच ते. तोंडात आपोआप आलं. आणि ते म्हटल्यावर पुढे कोणी विचारलं नाही. हे मी हिच्यासाठी केलं, चिमे. तुझ्या आईसाठी.

मुलगी : म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

बाबा : नंतर कळलं. मी म्हातारीला बसवून खाली आलो, तेव्हा आवाज थांबला होता. ही दाराशी उभी, पांढरीफटक. मी हात धरून वर आणलं.

आई : थांबला नव्हता.

बाबा : काय?

आई : तुम्ही खाली आलात तेव्हा आवाज थांबला नव्हता. तुम्ही चौथ्या पायरीवर उभे राहिलात. माझ्याकडे बघितलंत, दाराकडे बघितलंत. तीन वेळा वाजलं तुमच्यासमोर. मी मोजलं. मी वाट बघत होते, तुम्ही म्हणाल, उघड. किंवा म्हणाल, नको. तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. माझा हात धरलात आणि वर नेलंत. वर गेल्यावरही थोडा वेळ वाजत होतं. हिला आठवतं, ती पोत्यांवर होती. मग तुम्ही मोठ्याने प्रार्थना सुरू केलीत.

मुलगी : बाबा?

आई : त्यांना नको विचारूस. त्यांना खरंच आठवत नसेल. बत्तीस वर्षं एकच गोष्ट सांगितली की माणसाला तीच आठवते.

बाबा : आठवतं मला.

आई : आठवतं?

बाबा : चौथी पायरी नव्हती. पाचवी होती. तिथे माझा पाय घसरला होता.

मुलगी : पाणी घ्या, बाबा.

बाबा : नको. मला सांगा, मी काय म्हणायला हवं होतं? देवाने आम्हाला वाचवलं, हे खरं ना? सकाळी शब्द आला होता, ते खरं. अकरा घरं मी फिरलो, ते खरं. यातलं काय खोटं आहे? शास्त्रातल्या म्हाताऱ्यालाही बाहेरचे आवाज ऐकू आलेच असतील. चाळीस दिवस पाऊस. लोक पोहत आले असतील, तारवाला हात लावला असेल. त्याने उघडलं का? नाही उघडलं. आणि देवाने त्यालाच आशीर्वाद दिला, पुढची सगळी पृथ्वी त्याच्या हाती दिली. मी त्याच्याहून वेगळं काय केलं?

मुलगी : मग सभेत हेच सांगा ना. आवाज ऐकू आला आणि उघडलं नाही, असं सांगा. तुम्ही सांगता की बाहेरचे हसत होते.

बाबा : तू शास्त्रावर बोट ठेवतेस.

मुलगी : शास्त्रावर नाही ठेवत. महिनाभर मी तीच पानं काढतेय. तुतारी फुंकून भिंती पाडलेलं गाव काढलं. त्यात एक बाई वाचली, खिडकीला लाल दोरी बांधली म्हणून. बाकीचं गाव तलवारीखाली गेलं, म्हातारीकोतारी, गुरंढोरं सगळी. मुलांच्या पुस्तकात मी फक्त दोरी काढली. मला झोप येत नाही, बाबा. दोरी छान लाल आलीय आणि मला झोप येत नाही.

आई : मला तुझं ते मिठाच्या बाईचं पान आवडलं.

मुलगी : मागे वळून बघते ती? त्या जळत्या शहरातून बाहेर पडताना?

आई : हो. तू ते इथे विसरून गेली होतीस गेल्या आठवड्यात. मी स्वयंपाकघरात लावून ठेवलं होतं भिंतीला. सगळे म्हणतात, देवाने सांगितलं होतं मागे बघू नका, तिने बघितलं, शिक्षा म्हणून तिचा मिठाचा खांब झाला. मला वाटतं, मागून कोणीतरी तिचं नाव घेऊन हाक मारली असेल. शेजारीण असेल. हाक आली तर माणूस बघणारच. मी तर बघितलंही नाही.

बाबा : तू हे कधी बोलली नाहीस मला.

आई : तुम्ही विचारलं कधी? दर वर्षी साक्षीच्या दिवशी मला पहिल्या बाकावर बसवता. बायका येऊन माझा हात हातात घेतात, म्हणतात, वहिनी, किती कृपा तुमच्यावर. मी काय बोलू? तुम्ही दार देवाच्या नावावर केलंत. मग माझ्याकडे काही उरलंच नाही. मला कोणी शिव्याही देऊ शकत नाही आणि कोणी माफही करू शकत नाही. देव तिथे होता की नव्हता, मला माहीत नाही. दार मी लावलं, एवढं मला माहीत आहे.

बाबा : मी तुला झाकलं.

आई : झाकलंत. खरंय. चांगल्या मनाने झाकलंत. पण मी त्या झाकणाखाली बत्तीस वर्षं आहे हो. आणि पाणी ओसरल्यावर मी गेले होते बघायला. तुम्हाला न सांगता. भिंतीवर पाण्याची रेघ होती. दाराच्या फटींतून आत शिरलेलं पाणी सहाव्या पायरीपर्यंत चढलं होतं. जिन्याला अकरा पायऱ्या आहेत. उघडलं असतं तर कदाचित आम्ही वाहिलो असतो. कदाचित नुसते भिजलो असतो आणि वर पाच जणांऐवजी सात जणं बसली असती.

मुलगी : आई, उघडलं असतं तर काय झालं असतं, हे कोणालाच सांगता येत नाही. तुलाही नाही.

आई : तेच म्हणतेय. मी मला सोडवायला बोलत नाहीये. मंगळवारी बर्फवाला आला होता इथे.

मुलगी : शिंपिणीचा नवरा?

आई : तोच. आता बर्फाच्या कारखान्यातून सुटलाय, वय झालं. बाबा बाहेर गेलेले. उद्या पुस्तकाची पहिली प्रत त्याच्या हाती द्यायची असं बाबांनी ठरवलंय ना, म्हणून कुठले कपडे घालू विचारायला आला. चांगला शर्ट एकच आहे, त्याची शिवण उसवलीय. बसला. पाणी प्यायला. आणि म्हणाला, वहिनी, मी रोज तिला रागावतो. दादा अकरा घरं फिरले, तुझ्याही दारात आले, मी कारखान्यात होतो, पण तुला सांगितलं होतं ना माणसाने. का हसलीस? दोन झगे महत्त्वाचे होते का पोरीपेक्षा? असं रोज विचारतो म्हणाला. सकाळी दात घासताना विचारतो. मग मला विचारलं, वहिनी, तुम्ही तिला जवळून ओळखत होता. तिचा विश्वास का नव्हता? तिच्यात काय कमी होतं?

मुलगी : तू काय म्हणालीस?

आई : मी म्हटलं, शर्ट ठेवून जा, शिवून देते. तोच आहे हा. इस्त्री केली आत्ता.

मुलगी : मला वाटलं बाबांचा आहे.

आई : मी निघतेय. तो दुपारी घरीच असतो.

बाबा : आज? अगं, उद्या सभा आहे. चारशे माणसं येणार. तुला कळतंय का तू काय करतेस? तो माणूस त्या साक्षीवर उभा आहे. ते काढून घेतलंस तर कशावर उभा राहील?

आई : तो बायकोच्या हसण्यावर उभा आहे. तिच्या तोंडून तेवढंच एक वाक्य तुम्ही जगाला ऐकवलंत. दुसरं वाक्य माझ्याकडे आहे.

मुलगी : मी येते तुझ्याबरोबर. छापखान्याला कळवते, आज पान मिळणार नाही.

बाबा : थांबा. थांबा जरा. त्याने घर बदललंय. मागच्या गल्लीत, सायकलवाल्याच्या वर. तुम्हाला सापडायचं नाही.

आई : सांगा ना मग, कसं जायचं?

बाबा : सांगून नाही कळणार. मी येतो.

आई : या. पण तिथे बोलणार मी.

(त्याच दुपारी. सायकलच्या दुकानावरची एक खोली. बर्फवाल्याने खुर्ची आईला दिली आहे आणि आपण खाटेच्या कडेवर बसला आहे. आईचं सांगून झालं आहे.)

बर्फवाला : कात्रीने?

आई : कात्रीने.

बर्फवाला : मोठ्या की धागे कापायच्या?

आई : मोठ्या. आवाज जड होता.

बर्फवाला : मोठी तिच्या आईची होती. मला सापडली नाही ती. मशीन सापडलं गाळात, कात्री नाही सापडली. मी म्हटलं, वाहून गेली असेल. म्हणजे हातात होती.

आई : हो.

बर्फवाला : किती वेळ वाजवलं?

आई : मला नीट सांगता येत नाही. एक वेळ वाटतं पाच मिनिटं. एक वेळ वाटतं अजून वाजतंय.

मुलगी : काका, पाणी देऊ?

बर्फवाला : तू चित्रवाली ना? तू आणि बटण एकाच पाटीवर काढायचात. अर्धी तिची, अर्धी तुझी. मधे रेघ.

मुलगी : हो. ती माझ्या बाजूला यायची, मग भांडण.

बर्फवाला : ती दोघं पुलाखाली सापडली. पोर पाठीला बांधलेली होती, साडीच्या पट्टीने. गाठ पक्की, मला सुटेना, कापावी लागली. मशीनवर बसलेली बाई पोरीला पाठीशी कशाला बांधेल? हे माझ्या डोक्यात आलं नाही असं नाही, वहिनी. आलं होतं. पहिल्याच दिवशी आलं होतं. मग दादांची साक्ष ऐकली, आणि मी तो प्रश्न दाबून टाकला. म्हटलं, देवाने लावलेल्या दारावर आपण काय बोलायचं.

बाबा : मी... तुझ्यापुढे मी...

आई : तुम्ही थांबा जरा.

बर्फवाला : बोलू द्या त्यांना.

बाबा : मी जिन्यात होतो. मी ऐकलं. हिला एकटीला धरू नकोस. हिच्या कडेवर पोर होतं, माझे दोन्ही हात मोकळे होते.

बर्फवाला : हं.

बाबा : मी उद्या सभेत उभाच राहणार नाही. कळवतो सगळ्यांना. साक्ष रद्द.

आई : मी क्षमा मागायला आले नाही. मागायला तोंड नाही मला. तिने जे सांगितलं ते तुमच्यापर्यंत पोचवायचं राहिलं होतं, म्हणून आले. तुम्हाला मला जे बोलायचं ते बोला. शर्ट मी इथे ठेवलाय. नको असला तर परत नेते.

बर्फवाला : तुम्हाला काय बोलायचं, ते मला अजून माहीत नाही. माझं डोकं तिथे पोचलेलंच नाही. मी अजून आधीच्याच ठिकाणी आहे. ती आली होती, एवढ्यातच आहे. त्या दिवशी धरण फुटल्याचं कळलं तेव्हा कारखान्यातून मी तिला मनात ओरडत होतो, जा, दादांकडे जा. आणि ती निघाली होती. पोरीला बांधून निघाली होती. बत्तीस वर्षं मी तिला रागावतोय आणि ती बिचारी दाराशी उभी आहे. आधी तिच्याशी बोलायला पाहिजे मला. तुमच्याशी मग.

आई : बरं. येते मग मी. बोलवाल तेव्हा येईन.

बर्फवाला : या. आज नको, पण या. शर्ट राहू द्या.

मुलगी : काका, पुस्तकाचं पान अजून छापायला दिलेलं नाही. तारवाचं. मी दाराबाहेरचं पाणी नुसतं निळं ठेवलं होतं. आता तसं नाही ठेवता येणार मला.

बर्फवाला : ते तू बघ. लेकरांना किती सांगायचं ते तुला कळेल. दादा.

बाबा : बोल.

बर्फवाला : तुम्ही उद्या उभे राहा.

बाबा : कशाला? मी काय सांगू आता?

बर्फवाला : उभे राहा. दर वर्षी सांगता तसंच सांगा, सकाळपासून. सकाळी ती हसली, हे सांगा. दुपारी ती आली, हेही सांगा.